पुढं सरका, पुढं रिकामं हाय

आमच्या घरी प्रेरणा रात्री साडेनऊ ते अकराच्या दरम्यान येते. जेवण झालेलं असतं, पाय सोफ्यावर असतात, हातात फोन असतो आणि फोनमध्ये कुणीतरी आपल्या दुप्पट वयाचा माणूस धावत असतो. त्या दीड तासात मला स्वतःबद्दल काय वाट्टेल ते वाटू शकतं. मी पहाटे साडेचारचा गजर लावतो, मोजे बुटांत खोचून बूट दाराशी मांडतो आणि बायकोला सांगतो, "उद्यापासून." ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणते, "बरं." पहाटे गजर होतो तेव्हा घरात दोघंच जागे असतात, गजर आणि फ्रीज. प्रेरणाबाई कुठं गेल्या ते त्या दोघांनाही ठाऊक नसतं.

बरं, प्रेरणास्थानं निवडण्यात मी कंजुषी केली म्हणावं तर तसंही नाही. एकदम वरच्या दर्जाची निवडली. पहिले फौजासिंग. 2000 साली एकोणनव्वदाव्या वर्षी हे गृहस्थ लंडनला पहिली मॅरेथॉन धावले आणि 2011 साली, पासपोर्टवरच्या जन्मतारखेप्रमाणे शंभरी गाठल्यावर, टोरांटोची पूर्ण केली. जन्माचा दाखला नाही म्हणून गिनीजवाल्यांनी नोंद केली नाही, तेव्हा तर मला ते फारच आपले वाटले. दाखल्यावाचून अडणं म्हणजे काय, हे आपल्याला शिकवायला लागत नाही. मी भारावून बायकोला व्हिडिओ दाखवला. तिनं तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "अहो, म्हणजे एकोणनव्वदाव्या वर्षी सुरुवात केली त्यांनी?"

"हो ना!"

"मग तुम्हाला अजून चाळीस वर्षं आहेत. झोपा."

त्या रात्री फार शांत झोप लागली.

मग किपचोगे. 2019 साली व्हिएन्नात त्यानं मॅरेथॉनचं अंतर 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत कापलं. त्याच्या दिमतीला 41 धावपटू होते. पाळीपाळीनं त्याच्याभोवती कोंडाळं करायचं आणि वारा अडवायचा, एवढंच काम. पुढं एक गाडी, गाडीतून रस्त्यावर लेसरची रेघ, आणि त्या रेघेच्या मापानं पाय टाकायचा. इतकी सरबराई झाल्यामुळे तो विक्रम अधिकृत धरला नाही, पण तो वेगळा विषय. मुद्दा असा की पहाटे माझ्याही मागं कोंडाळं असतं. ते चौकातल्या कुत्र्यांचं. त्यांचा पेस उत्तम आहे, माझे आजवरचे सगळ्यांत वेगवान चारशे मीटर त्यांच्याच नावावर आहेत. पण पुलापाशी त्यांची हद्द संपते आणि दुसऱ्या टोळीची सुरू होते. म्हणजे पाळी बदलायची पद्धत आमच्याकडेही आहे, फक्त आमचे पेसर मागून धावतात.

त्यानंतर म्हटलं, परदेशी माणसं नकोत, आपल्या मातीतलं कुणीतरी हवं. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यातली पोरं अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली, आणि त्यातूनच पुढं 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉन धावले आणि 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत एकोणिसावे आले. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी मी बूट घरीच ठेवले. सोसायटीच्या फाटकापासून दुधाच्या टपरीपर्यंत अनवाणी गेलो आणि तिथून रिक्षा केली. रिक्षावाला आरशातून माझ्या पायांकडं पाहत म्हणाला, "देवळातनं गेल्या का काका? नवीन होत्या?"

थोर माणसांचा हाच त्रास आहे. ती फार लांब असतात. त्यांच्यात आणि आपल्यात इतकं अंतर की हरलो तरी अपमान वाटत नाही, आणि अपमान वाटल्याशिवाय मी पहाटे साडेचारला उठत नाही. मला हवा होता मारवाडी दुकानदारासारखा प्रेरणादाता. रोज दिसणारा, गोड बोलणारा आणि बाकी कधीही न विसरणारा. तो मला साताऱ्यात मिळाला.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन म्हणजे 21 किलोमीटर. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच खाली यायचं. ऐन पावसाळ्याच्या शेवटी. घाटात धुकं, भुरभुर पाऊस आणि माणसंच माणसं. 2015 साली एका डोंगरावर सर्वांत जास्त माणसं धावली म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. त्यातली निम्मी माणसं मला ओलांडून गेली असताना एका वळणावर धुक्यातून एक कानटोपी पुढं सरकताना दिसली.

कानटोपी म्हणजे साधीसुधी नव्हे. घरी विणलेली, मरून रंगाची, हनुवटीखाली बटण असलेली, वर शेंड्याला गोंडा. खाली बाह्यांचा बनियन, त्याखाली गुडघ्यापाशी कापून टीप मारलेली खाकी पँट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. वय सत्तरीच्या आसपास. गोंडा पावलागणिक डावीकडं, मग उजवीकडं. माझ्या मनगटावरचं घड्याळ उपग्रहाशी बोलत होतं आणि तुमचा वेग घसरतो आहे असं मला कळवत होतं. गोंड्याचा वेग मात्र घसरत नव्हता. सपाटीला जसा हलत होता तसाच चढाला हलत होता. मी नेट लावून त्याच्या बरोबरीला आलो. वाटलं, म्हाताऱ्या माणसाला जरा धीर द्यावा.

"शाबास काका! थोडंच राहिलंय!"

त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "गाव कुठलं?"

"पु...पुणे."

"ते ऱ्हायचं झालं. मूळ गाव?"

आता, घाट चढताना माणसाकडं हवेचा जो साठा असतो त्यात एक शब्द बसतो. "को...रेगाव."

"कोरेगावात कुठं? पेठंत का स्टेशनाकडं?"

"हं."

"आडनाव काय म्हणायचं?"

उत्तर देत राहिलो तर काकांना माझं घराणं कळणार होतं आणि माझा जीव जाणार होता. मी सगळा जोर एकवटून पुढं पळालो. केवळ माझ्या आजोळची चौकशी टाळण्यासाठी यवतेश्वरच्या घाटातला तो टप्पा मी ज्या वेगानं चढलो, तसा मी सपाटीलाही कधी धावलो नव्हतो. दोन वळणं गेल्यावर मला धाप लागली, मी कठड्याला टेकलो. मागून गोंडा आला.

"पहिल्यात चढवायचा घाट," काका म्हणाले. "घाट कवा तिसऱ्यात चढतोय व्हय? इंजान तापतंय. आणि उतारावर न्यूट्रल टाकू नका, गुडघं जात्यात." एवढं बोलून त्यांनी माझ्या पायांकडं नजर टाकली. "बूट केवढ्याला?"

कार्बनची पट्टी घातलेले ते बूट वीस हजारांच्या घरातले होते. बायकोला मी आठ सांगितले होते. काकांना घाबरून पाच सांगितले.

"फसवलं तुमास्नी," असं म्हणून ते गेले.

पाण्याच्या टेबलापाशी ते पुन्हा दिसले. तिथं ही झुंबड उडालेली, तरुण पोरं एकमेकांच्या अंगावरून हात घालून पेले ओढत होती. काकांनी एक हात वर केला, "एकेकानं, एकेकानं! समद्यांना मिळंल! पुढं सरका, पुढं रिकामं हाय!" आणि काय आश्चर्य, रांग लागली. तेव्हा मला त्या खाकी पँटचा उलगडा झाला. गृहस्थ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर उभ्यानं घाट चढलेला माणूस. त्याच्याशी मी, खुर्चीत बसून पाठीचा मणका गमावलेला माणूस, स्पर्धा करायला निघालो होतो. उतारावर मी अर्थातच न्यूट्रल टाकला. पुढचे चार दिवस जिना उलटा उतरत होतो.

तेव्हापासून कानटोपी आमच्या घरातली एक व्यक्तीच झाली. मी कुठूनही धावून आलो की बायको माझी वेळ विचारत नाही. "ते होते का?" एवढंच विचारते.

"होते."

"मग? पुढं का मागं?"

"जवळजवळ बरोबरच."

"म्हणजे पुढं." आणि ती पोहे परतायला लागते.

पहाटेच्या गजराला आता अर्थ आला. मी डोळे मिटून पडलेलो असतो तेव्हा फौजासिंग येत नाहीत, चौगुले येत नाहीत, तो गोंडा येतो. डावीकडं, उजवीकडं. मी चरफडत उठतो. आमच्या धावणाऱ्या मंडळींत ध्येयाबद्दल बरंच बोललं जातं. कुणी आरोग्यासाठी धावतं, कुणी स्वतःच्या शोधात धावतं, बहुसंख्य लोक लाँग रननंतरच्या मिसळीसाठी धावतात. माझं ध्येय विणकामाचं आहे हे मी कुणाला सांगितलं नाही. पण दर रविवारी चढावर पाय जड झाले की मी मनातल्या मनात पहिला गिअर टाकतो, आणि खोटं का बोला, गाडी चढते.

शेवटी डोक्यात वारं गेलं आणि जानेवारीतल्या मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनला नाव दिलं. 42 किलोमीटर 195 मीटर. आदल्या रात्री बायकोनं विचारलं, "साधारण किती वाजेपर्यंत येता?" मी तिला सांगितलं, हे असं सांगता येत नसतं. 1912 साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये शिझो कानाकुरी नावाचा जपानी धावपटू उन्हानं बेजार होऊन वाटेत एका घरी थांबला, तिथं त्याचा पाहुणचार झाला आणि तो कुणाला न सांगता सरळ जपानला निघून गेला. 1967 साली त्याला बोलावून ती शर्यत पुरी करायला लावली. वेळ लागला 54 वर्षं, 8 महिने, 6 दिवस आणि वर काही तास.

ती म्हणाली, "मग जेवायला थांबत नाही मी."

मुंबईचा जानेवारी म्हणजे पहाटे पाचलाही घाम. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर हजारो माणसं अंधारात उभी, अंगाला मलमाचा वास, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर शौचालयाची रांग का हलत नाही हा एकच विचार. त्या गर्दीत पुढच्या बाजूला, जिथं कानात वारं जायची सुतराम शक्यता नव्हती तिथं, मरून गोंडा. आवाज आलाच, "पुढं सरका, पुढं रिकामं हाय!"

सी लिंकवर एरवी पायी माणसाला येऊ देत नाहीत. वर्षातून एकदा या शर्यतीपुरता तो साडेपाच किलोमीटरचा पूल धावणाऱ्यांना मिळतो, त्यामुळे तिथं धावण्यापेक्षा सेल्फी काढणाऱ्यांची संख्या जास्त. मीही फोन काढला, तेवढ्यात समुद्रावरून असा काही वारा आला की माझी हलकी, घाम शोषणारी, जाळीची महागडी टोपी कठड्यावरून अरबी समुद्रात गेली. पुढं पाहिलं. हनुवटीखालचं बटण म्हणजे काय चीज आहे ते मला तेव्हा कळलं.

मग जेलची पुडी. ही दातानं फोडायची असते. मी फोडली, आणि ती शेजारून धावणाऱ्या एका तरुणीच्या पाठीवर फुटली. तिनं मागं वळून इतकंच विचारलं, "कुठला फ्लेवर?" उरलेलं माझ्या बोटांना लागलं, बोटांचं घड्याळाला लागलं, आणि चिकट बोट लागल्याबरोबर घड्याळानं ठरवलं की माझी शर्यत संपली. अभिनंदन म्हणून ते थरथरलंसुद्धा. अजून अर्धं अंतर बाकी होतं. काका मात्र चालता चालता खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढत होते. तिला घाम लागू नये म्हणून वरून प्लॅस्टिक, त्यावर दोऱ्याचे दोन वेढे. दोरा सोडला, तो बोटाला गुंडाळला, चार शेंगदाणे आणि गुळाचा खडा तोंडात टाकला, दोरा परत पुडीला. पावलाची लय चुकली नाही.

माहीमपासून शिवाजी पार्कपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती. संत्र्याच्या फोडी, मीठ लावलेले बटाटे, केळी, बिस्किटं. लेझीम. आणि ते सनातन वाक्य, "काका, थोडंच राहिलंय!" सव्विसाव्या किलोमीटरला. अंतराबद्दल इतकं खोटं बोलणारी दुसरी जमात मी फक्त लग्नाच्या मुहूर्ताला फोनवर "पोचतोच आहे" म्हणणाऱ्यांची पाहिली आहे. एका छोट्या मुलानं माझ्यासमोर बिस्किट धरलं, मी हात पुढं केला तसं त्यानं माझा चेहरा पाहिला आणि आख्खा पुडाच दिला.

तीस-बत्तीस किलोमीटरला शरीरातला साखरेचा साठा संपत येतो. धावणारे याला वॉल म्हणतात. काकांच्या भाषेत डिझेल. माझं डिझेल वरळीला संपलं आणि पेडर रोडचा परतीचा चढ दिसला तेव्हा डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी दुभाजकाला मिठी मारली. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, कानटोपी मला मागून येताना दिसली. म्हणजे मधल्या कुठल्यातरी पाण्याच्या टेबलापाशी, रांग लावण्यात ते गुंतलेले असताना, मी त्यांना ओलांडलं होतं! माझ्या आयुष्यातला सर्वोच्च क्रीडाक्षण, आणि तो मला न कळता होऊन गेला होता.

"बसू नका," काका म्हणाले. "बसलं की उठवत न्हाई." आणि त्यांनी हात पुढं केला.

मी मागं सरलो. "नको काका, हात लावू नका. 1908 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये डोरांडो पिएत्री पहिला आला होता. शेवटी सारखा पडत होता म्हणून पंचांनी हात देऊन उठवलं, आणि बाद झाला."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमास्नी कंचं सुवर्णपदक मिळतंय?"

मी हात धरला. गुळाचा खडा तोंडात आला. आम्ही पहिल्या गिअरमध्ये चढ चढायला लागलो. मला भरून आलं. इतकी वर्षं ज्या पाठीमागं धावलो ती पाठ आज शेजारी होती. काहीतरी बोलावं म्हणून मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात काका म्हणाले, "गाव कुठलं?"

"काका, मी... आपण साताऱ्यात... यवतेश्वर..."

"आसंल. रोज येवढं प्याशिंजर, चेहरं काय ध्यानात ऱ्हातंय?"

त्यांचंही बरोबर होतं. मला त्यांची पाठ पाठ होती, त्यांनी माझ्यासाठी कधी मागं वळून पाहायचं कारणच नव्हतं. मी पुन्हा कोरेगाव सांगितलं. पेठंत का स्टेशनाकडं तेही सांगितलं. या वेळी आडनावही सांगितलं. पुढं पळण्याइतका दम नव्हता.

"काका, तुम्ही या वयात हे सगळं... म्हणजे कुणाकडं बघून?"

"त्यो पिवळा शर्ट दिसतोय न्हवं?" त्यांनी चढाच्या टोकाकडं बोट दाखवलं. तिथं एक पंचविशीचा मुलगा कमरेवर हात ठेवून चालत होता. "गेल्या टायमाला मला वलांडून गेला. जाताना म्हनला, 'शाबास आजोबा, थोडंच राहिलंय!' आजोबा!" काकांचा आवाज चिरकला. "त्याच्या आईला सांगतो म्हनलं. वरीसभर रोज चारला उठतोय मी."

मी साताऱ्याच्या घाटात कुणाला काय म्हणालो होतो, याचा उल्लेख करायची ही वेळ नव्हती. काकांनी गोंडा सरळ केला, पेडर रोडच्या माथ्यावर दुसरा टाकला आणि निघाले.

मरीन ड्राइव्हला ऊन चढलं होतं. मॅरेथॉनचं अंतर असं अडनिडं का, याचाही संबंध त्याच 1908 सालाशी आहे. सुरुवात विंडसरच्या राजवाड्यापाशी, शेवट स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर, म्हणून 26 मैलांवर आणखी 385 यार्ड. 1921 साली तेच माप कायमचं ठरलं. साहेब गेला, रेल्वे ठेवून गेला, फायली ठेवून गेला, पण हे 385 यार्ड त्यानं जाताना न्यायला हवे होते. शेवटच्या वळणावर मी विंडसरच्या दिशेनं जे काही बोललो ते छापता येणार नाही.

रेषा ओलांडली. गळ्यात पदक पडलं. मी फुटपाथवर आडवा झालो असताना मरून गोंडा अल्पोपाहाराच्या रांगेची व्यवस्था लावत होता. पिवळा शर्ट त्याच रांगेत, काकांच्या मागं तिसरा, मान खाली घालून उभा होता. काका माझ्याजवळ आले, पदक हातात घेऊन वजन केलं, "पितळ न्हाई ह्ये" म्हणून परत सोडलं.

"काका, जबरदस्त धावलात!"

"कशाचं काय. गुडघा धरलाय म्हणून औंदा निवांत घेतलं." त्यांनी हनुवटीखालचं बटण तपासलं. "फुडच्या वर्षी जरा मनावर घेनार हाय. तुमी बी या. जमलं तर पळत या."